मी फक्त नंबर दिला होता

ज्या माणसाने मला पुण्यात पहिलं छप्पर मिळवून दिलं, त्यानेच २०२२ च्या फेब्रुवारीत मला सांगितलं, "हे काम माझं नाही रे. दुसऱ्याकडे जा." खरं सांगतो, मला रागच आला.

आधी माणसाची ओळख करून देतो. हे आमचे काका. नात्याने कोणी नाहीत. कोथरूडमधले एजंट. ऑफिस म्हणजे एका स्टेशनरीच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि किल्ल्यांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. २००८ मध्ये आम्ही तीन बॅचलर, हातात ऑफर लेटर्स आणि खांद्यावर सॅक अशा अवस्थेत जागा शोधत होतो. बॅचलर म्हटल्यावर पुण्यातला घरमालक कसा बघतो ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. काकांनी एका आजींना पटवून आम्हाला टू बीएचके मिळवून दिला. "नॉनव्हेज नाही, दहानंतर आवाज नाही, आणि आजींची गोळ्यांची चिठ्ठी दर महिन्याला मेडिकलमध्ये नेऊन द्यायची" ही तिसरी अट काकांनी स्वतःच्या मनाने घातली होती, हे आम्हाला नंतर कळलं :) २०१३ मध्ये मी माझा पहिला फ्लॅट घेतला, तोही काकांमार्फतच. म्हणजे हा माणूस आमच्या घरातल्यासारखाच.

तर झालं असं की डिसेंबर २०२१ मध्ये आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी मी आणि वॉचमनने आईला खुर्चीत बसवून वर नेलं. दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर ती म्हणाली, "आता मी खाली उतरणार नाही, उतरले तर एकदाच." गंमतीत म्हणाली, पण पुढचे दोन महिने ती खरंच खाली उतरली नाही. सकाळचं बागेतलं फिरणं बंद, मंडई बंद, खिडकीत बसून रिक्षा मोजायच्या. तेव्हा ठरलं की हा फ्लॅट विकायचा आणि लिफ्टवाली जागा घ्यायची. माझं ऑफिस हिंजवडीला, त्यामुळे वाकड सोयीचं.

काकांकडे गेलो. दोन व्यवहार होते, एक विक्री आणि एक खरेदी. मी मनात हिशोबही केला होता. वाकडला बजेट ८० लाखांच्या आसपास, एक टक्का धरला तरी ८० हजार. इकडच्या विक्रीचे वेगळे. म्हटलं काका खूश होतील.

काका म्हणाले, वाकडसाठी एक भाऊ आहेत, त्यांचा नंबर देतो. आणि हा फ्लॅट विकायला कर्वे रोडच्या एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे जा.

दोन्ही नाही! आपण रिक्षावाल्याला "डेक्कन" म्हणावं आणि त्याने मान हलवून निघून जावं, तसं वाटलं. पण रिक्षावाल्याचं निदान कळतं. हातात आलेले लाख-सव्वा लाख रुपये कोण सोडतं? मी पडलो इंजिनिअर. सिस्टिम स्वतःच्या फायद्याविरुद्ध वागताना दिसली की आपण लॉग उघडतो. इथे काहीतरी मला न दिसणारं चाललं होतं.

विक्रीचं कारण लगेच कळलं. काकांच्या साडूला कोथरूडमध्ये जागा हवी होती आणि आमच्या फ्लॅटवर त्यांचा डोळा होता. "विकणारा तू, घेणारा माझा साडू. भाव ठरताना मी कोणाच्या बाजूने बोलू? तुझ्या बाजूने बोललो तर घरात भांडण, त्याच्या बाजूने बोललो तर वहिनींना तोंड दाखवायला जागा नाही." इथे वहिनी म्हणजे माझी आई. शेवटी फ्लॅट साडूंनीच घेतला, पण मॅडमनी आमच्या बाजूने रेटून बसून त्यांनी आधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा दोन लाख जास्त काढले. पुढे दोन महिने काकांना साडूच्या घरचं जेवणाचं बोलावणं आलं नाही म्हणे.

वाकडचं कारण कळायला मात्र वेळ लागला.

भाऊ भेटले. पंचेचाळिशीचे, पांढरा शर्ट, बुलेट. आता जिथे टॉवर उभे आहेत तिथे एकेकाळी त्यांच्या घरची ज्वारी असायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही फ्लॅट दाखवला नाही. चहा पाजला आणि प्रश्न विचारले. आईंना वॉकर लागतो का काठी? दवाखाना कुठला? तुम्ही ऑफिसला किती वाजता निघता? मी म्हटलं नऊला. ते हसले. "मग भूमकर चौकाच्या पलीकडचं घेऊ नका. नकाशात तीन किलोमीटर दिसतं, सकाळी नऊला ते तीन किलोमीटर नसतं."

दुसऱ्या दिवशी पाच फ्लॅट पाहिले. मी काय बघत होतो? टाइल्स, बाल्कनी, किचनचा ओटा, मोबाईलला रेंज. भाऊ काय बघत होते? एका ठिकाणी ते सरळ लिफ्टमध्ये जाऊन हात पसरून उभे राहिले. "यात स्ट्रेचर मावणार नाही." दुसरीकडे त्यांनी वॉचमनला तंबाखू देत देत विचारून घेतलं की मे महिन्यात दिवसाला टँकर किती येतात. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिकेचं पाणी एक दिवसाआड सुरू झालं होतं. सोसायटीचा मेंटेनन्स तीन हजार सांगतात, पण उन्हाळ्यात टँकरचं वेगळं लावतात, ते विकणारा सांगत नाही. तिसऱ्या ठिकाणी लाईट गेल्यावर जनरेटरवर एकच लिफ्ट चालते आणि ती नेमकी दुसऱ्या विंगची. चौथी सोसायटी सगळ्याच बाबतीत छान होती, माझा जीव तिच्यावर जडलाही होता. पण भाऊंनी कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "भोगवटा पत्र खालच्या सात मजल्यांचंच आहे. तुम्ही बघताय तो नववा."

ही माहिती कुठल्याच साइटवर फिल्टर लावून मिळत नाही. 'स्ट्रेचर मावतं' असा चेकबॉक्स मी अजून पाहिलेला नाही.

पाचवा घेतला. ८२ लाख. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर, अंगठे-फोटो वगैरे सोपस्कार उरकून आम्ही उसाचा रस पीत उभे होतो. मी भाऊंना ८२ हजारांचा चेक दिला. ते सहज बोलून गेले, "काकांचा हिस्सा आजच पाठवतो त्यांना."

हिस्सा?

हो. तिसरा हिस्सा. सत्तावीस हजारांच्या आसपास. या धंद्यात ज्याने पार्टी पाठवली त्याला वाटा मिळतोच. कुठे निम्मा, कुठे तिसरा, कुठे ओळखीवर. भाऊंना वाटलं मला माहीत असेल. मी मात्र हातातला रस संपवून निमूटपणे गाडीत बसलो. घरी येईपर्यंत डोक्यात एकच वाक्य: काकांनी मला विकलं. घर विकणाऱ्या माणसाने गिऱ्हाईकही विकलं.

दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावर गेलो. काकांनी नेहमीप्रमाणे खालच्या टपरीवरून दोन चहा मागवले.

"तुम्हाला पैसे मिळाले," मी म्हटलं.

"मिळाले की. काल संध्याकाळीच."

"मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"मी विचारायला हवं होतं, का तुम्ही सांगायला?"

काकांनी चष्मा काढून पुसला. यावर त्यांनी थेट उत्तर दिलं नाही, पण जे बोलले ते मी गेली काही वर्षं डोक्यात घोळवतो आहे. "हे बघ, कोथरूडमध्ये मला कुठल्या बिल्डिंगमध्ये कोणाचं कोणाशी पटत नाही इथपर्यंत माहिती आहे. वाकडला मी गेलो असतो तर मोबाईलवर नकाशा लावून गेलो असतो. तूही तेच केलं असतंस. मग माझे ८२ हजार कशाचे? आणि वाकडची एक चक्कर म्हणजे माझा अर्धा दिवस. तेवढ्यात इथे भाड्याची दोन अ‍ॅग्रीमेंट होतात. भाऊंची पार्टी इकडे येते तेव्हा तो माझ्याकडे पाठवतो, मी त्याला तिसरा हिस्सा देतो. वर्षाला तीन-चार होतात. आणि तो चांगला निघाला नसता तर? वहिनी माझ्या बायकोबरोबर आज चार महिने हळदीकुंकवाला जात नाहीयेत, ते गुडघ्यामुळे. उद्या माझ्यामुळे जाईनाशा झाल्या असत्या तर मला घरात जेवायला कोण वाढणार होतं?"

आता थोडं आमच्या धंद्यातलं सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल. (ज्यांना कंटाळा येतो त्यांनी एक पॅरा सोडून पुढे जावं, मी रागावणार नाही.)

तुम्ही ब्राउझरमध्ये एखाद्या साइटचं नाव टाइप करता तेव्हा त्या नावाचा पत्ता शोधण्याचं काम डीएनएस करतं. सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरला तुमच्या साइटचा पत्ता माहीत नसतो. तो तसं कबूल करतो आणि म्हणतो, "डॉट इनवाल्यांना विचार, त्यांचे सर्व्हर हे." ते म्हणतात, "या डोमेनवाल्यांना विचार." या उत्तराला डीएनएसच्या भाषेत नावच आहे, रेफरल. इंटरनेटचं अख्खं गाडं "मला माहीत नाही, पण कोणाला माहीत आहे ते मला माहीत आहे" या एका वाक्यावर चालतं. फक्त एक भानगड होती. मधल्या मध्ये कोणी खोटा पत्ता टिकवला तर? त्यासाठी पुढे अशी सोय केली की वरचा सर्व्हर रेफरल देताना खालच्याच्या किल्लीचा ठसा स्वतःच्या सहीनिशी देतो. म्हणजे नुसतं "तिकडे जा" नाही, तर "तिकडे जा, हा माणूस खरा आहे, माझी सही." रूटवर ही सह्यांची पद्धत २०१० च्या जुलैत सुरू झाली.

काकांनी दिलेला रेफरल सहीचा होता. सही कसली, तर हळदीकुंकवाची.

आता बिनसहीचा रेफरल कसा असतो ते ऐका. आमच्याच टीममधली एक मुलगी. २०२१ मध्ये तिने भाड्याचा फ्लॅट शोधून देणाऱ्या एजंटला सहज म्हटलं की विकत घ्यायचा विचार आहे. त्याने दुसऱ्याचा नंबर दिला. दुसऱ्याने तिसऱ्याचा. तिसरा तिला गाडीतून एका नव्या प्रोजेक्टच्या सेल्स ऑफिसमध्ये घेऊन गेला. एसी, कॉफी, थर्मोकोलचं मॉडेल, त्यात इवलीशी झाडं. "मॅडम, तुम्हाला ब्रोकरेज काहीच नाही, आमचं बिल्डर बघतो." ती खूश. पझेशन २०२२ च्या अखेरीस असं तोंडी सांगितलं. तिने बुकिंग केलं. २०२३ उजाडलं, ती भाडं आणि हप्ता दोन्ही भरतेय, आणि बिल्डिंग अजून प्लास्टरविना उभी. तेव्हा कोणीतरी तिला महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं पान उघडून दाखवलं. तिथे पूर्णत्वाची तारीख पहिल्यापासून २०२४ ची होती! बुकिंगच्या दिवशीही तीच होती. दोन मिनिटांचं काम, पण तीन एजंटांपैकी एकालाही ते पान उघडून तिला दाखवावंसं वाटलं नाही. (तिनेही उघडलं नाही, मीही उघडलं नसतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढणारी माणसं आपण.) तिने पहिल्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मी फक्त नंबर दिला होता."

हे वाक्य मी त्या दिवसापासून डोक्यातून काढू शकलेलो नाही.

कारण ते खोटं नाहीये. कायद्यात बघायला गेलो (रविवारी दुपारी लोक क्रिकेट बघतात, मी हे करतो) तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यात या गोष्टीला चक्क कलमं आहेत. १९४ आणि १९५. एजंटने, तशी मुभा असताना, मालकासाठी दुसरा माणूस नेमला तर तो दुसरा थेट मालकाचाच एजंट होतो. त्याने चूक केली तर पहिल्यावर जबाबदारी येत नाही, पण एका अटीवर: निवड करताना पहिल्याने, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या कामात जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतलेली असली पाहिजे. कायद्यातच उदाहरण दिलंय. एक व्यापारी दुसऱ्यासाठी जहाज विकत घ्यायचं म्हणून नावाजलेल्या जहाज-तपासनिसाला निवडतो. तपासनीस निष्काळजीपणा करतो, जहाज बुडतं. व्यापारी सुटतो, तपासनीस अडकतो. व्यापारी सुटतो, कारण त्याने नावाजलेला माणूस निवडला होता. तपासनिसाचा पत्ता त्याने रस्त्यावर कोणाकडून तरी घेतला असता तर?

अर्थात नुसता फोन नंबर देणं म्हणजे कायद्याने नेमणूक करणं नव्हे. आणि २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटला नोंदणी सक्तीची केली, नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टची विक्री करायला मनाई केली, बुकिंगच्या वेळी गिऱ्हाईकाला सगळी कागदपत्रं-माहिती मिळेल हे पाहायला लावलं, २०२३ मध्ये महारेराने एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षाही लावली, हे सगळं चांगलंच आहे. पण हा सगळा पसारा नोंदणी झालेल्या प्रोजेक्टपुरता. आमच्या तीस वर्षं जुन्या कोथरूडच्या फ्लॅटला त्याचा काही उपयोग नव्हता. आणि नव्या प्रोजेक्टमध्येसुद्धा साखळीतला जो पहिला, ज्याने फक्त नंबर दिला, त्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. वाटा मात्र त्याला मिळतो. तिच्या बाबतीत पैसे बिल्डरकडून आले, म्हणजे तिला वाटलं की तिने काहीच दिलं नाही. ते पैसे कोणाच्या ८० लाखांतून गेले हा हिशोब आयटीवाल्याला तरी समजावून सांगायला नको.

मग रेफरलचे पैसे बंदच करावेत का? आमच्या कॅन्टीनमध्ये यावर कडाक्याचं भांडण झालं. माझा एक मित्र म्हणाला, "सरळ बंद. जो घर दाखवेल त्यानेच पैसे घ्यावेत." ऐकायला बरं वाटतं. पण विचार करा, काकांना भाऊंकडून एक रुपयाही मिळणार नसता, तर काकांनी मला सोडलं असतं का? काका भला माणूस, कदाचित सोडलंही असतं. पण दहातले नऊ एजंट काय करतील? पार्टी हातची जाऊ नये म्हणून मोबाईलवर नकाशा लावून तुम्हाला वाकडभर फिरवतील. टाइल्स दाखवतील. स्ट्रेचरचं त्यांना सुचणार नाही आणि सात मजल्यांचं त्यांना माहीत नसेल. "मला यातलं कळत नाही" हे वाक्य म्हणण्याची कोणत्याही व्यावसायिकाला किंमत मोजावी लागते. तो तिसरा हिस्सा म्हणजे ती किंमत. माझ्या ८२ हजारांतले सत्तावीस हजार काकांना त्यांच्या अज्ञानाच्या प्रामाणिक कबुलीबद्दल मिळाले, आणि मी आज म्हणतो की ते योग्य होते.

मुळशीत 'फार्महाऊससाठी गुंठेवारी' बघायला निघणाऱ्या मित्रांना तर मी हात जोडून सांगतो, फ्लॅटवाला एजंट जर म्हणाला की जमिनीचं मला कळत नाही, दुसऱ्याकडे पाठवतो, तर त्याच्या पाया पडा. सातबारा, फेरफार, कुळाचा हक्क, वर्ग २ ची जमीन... आणि मुळात १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेताच येत नाही. हे माहीत नसलेला उत्साही एजंट फार महागात पडतो.

अमेरिकेत हा प्रकार उघड चालतो. न्यू जर्सीतला माझा एक मित्र टेक्सासला गेला. त्याच्या तिथल्या एजंटने ऑस्टिनमधला एजंट गाठून दिला आणि स्वच्छ सांगितलं की याच्या कमिशनमधले २५ टक्के आमच्या ब्रोकरेजला येतील. हा आकडा तिथे सर्रास चालतो, लेखी करार होतो. गंमत म्हणजे तिथे १९७४ च्या कायद्याने घराच्या व्यवहारात गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल दलाली खायला बंदी आहे (टायटल कंपनीकडून, कर्ज देणाऱ्याकडून वगैरे), पण एका एजंटने दुसऱ्या एजंटकडे पाठवणं त्यातून वगळलंय. म्हणजे तिथल्या कायदा करणाऱ्यांनाही हा फरक करावासा वाटला. त्यांचं सगळंच आदर्श आहे असं नाही, पण मित्राला निदान रस पिताना धक्का बसला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पैसे घ्या, पण नंबर देतानाच सांगा. "भाऊंकडे जा, मला त्यातून तिसरा हिस्सा मिळतो." आणि सांगत नसतील तर आपण विचारावं. आपल्याकडे हे विचारायला फार अवघड जातं, समोरच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. मला स्वतःला अजूनही जमत नाही. शिवाय माझी आणखी एक शंका: काकांनी पहिल्याच दिवशी हिस्स्याचं सांगितलं असतं, तर मी भाऊंकडे गेलो असतो का? बहुतेक नाही. मी म्हटलं असतं, हं, म्हणजे म्हणून पाठवतायत होय. आणि आईसाठी कुठल्यातरी साइटवर फिल्टर लावत बसलो असतो. म्हणजे काकांच्या न सांगण्यात माझाही थोडा वाटा आहे.

आणि आता थोडं स्वतःबद्दल, कारण इथपर्यंत लिहून झाल्यावर ते टाळणं बरं दिसणार नाही. आमच्या कंपनीत रेफरल बोनस आहे. तुमच्याही असेल. २०१९ मध्ये मी कॉलेजच्या एका ज्युनिअरचा सीव्ही पुढे दिला, तो लागला, मला ५० हजार मिळाले. टीव्ही घेतला. त्याला मी बोनसचं सांगितलं नाही. त्याला जो प्रोजेक्ट मिळणार होता तो सपोर्टचा आहे, रात्रपाळ्या आहेत आणि तिथली माणसं वर्षभरही टिकत नाहीत, हे मला ठाऊक होतं, तेही सांगितलं नाही. तो आठ महिन्यांत सोडून गेला. जाताना भेटायला आला, म्हणाला, "सर, तुम्हाला माहीत होतं का?" मी म्हणालो, "अरे, मी फक्त सीव्ही फॉरवर्ड केला होता."

असो.

आई आता रोज सकाळी खाली फिरते. काकांच्या बायकोशी फोन चालू असतोच. गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या जोशीबाईंच्या बहिणीला वाकडमध्ये फ्लॅट हवा होता, आईने भाऊंचा नंबर दिला. व्यवहार झाला. पंधरा दिवसांनी भाऊंचा मुलगा पेढ्यांचा एक किलोचा बॉक्स घेऊन दारात. आईने बॉक्स उघडला, एक पेढा तोंडात टाकला, निम्मे स्टीलच्या डब्यात काढले आणि तो डबा घेऊन शेजारी जोशीबाईंकडे गेली. मला दारातून ऐकू येत होतं. "भाऊंनी पाठवलेत हो, मी तुमच्या बहिणीला नंबर दिला त्याचे. म्हटलं तुम्हाला माहीत असलेलं बरं."